चवीचा न्याय : बीअरच्या पारखीवरून काही विचार



आपल्या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला पत्र पाठवून विषय विचारला, तेव्हा मी 'बीअरची पारख' असे कळवले. आठ दिवस काहीच उत्तर आले नाही. नवव्या दिवशी चिटणीस स्वतः घरी आले. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि उठता उठता त्यांनी हळूच विचारले, "मग, विषय तोच ठेवायचा ना?" मी म्हटले, "विषय तोच. पण व्यासपीठावर तांब्या पाण्याचाच असेल." तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यांची चिंता अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी दारूने बसलेली घरे जवळून पाहिली आहेत. आपल्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आजही वेगळ्या नावाने, परवान्यांच्या व्यवस्थेसह, लागूच आहे. मद्य हे कर्करोगाचे निश्चित कारण आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दिलेला आहे, आणि बीअर त्यातून सुटलेली नाही. तेव्हा मी बीअरचा पुरस्कर्ता म्हणून येथे उभा नाही. माझा पेशा रसायनशास्त्रज्ञाचा. बीअर तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी तीस वर्षे नोकरी केली, आणि त्यातली बरीच वर्षे माझे काम चाखण्याचे होते. दिवसाकाठी चार-सहा पेल्यांतले दोन-दोन घोट घ्यायचे, कागदावर लिहायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात जेवायचे, असा तो संसार होता. त्या तीस वर्षांत बीअरपेक्षाही एका वेगळ्याच गोष्टीविषयी मला जे शिकायला मिळाले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे न्याय. चवीचा न्याय करता येतो काय? आणि येत असेल, तर तो करणाऱ्याने स्वतःला कोणते नियम लावून घ्यावेत?

आपण सहज म्हणतो, व्यक्ती तितक्या प्रकृती. एकाला कारले आवडते, दुसऱ्याला आवडत नाही. त्यात न्याय कसला करायचा? हे म्हणणे अर्धे खरे आहे. 'मला आवडले' या वाक्याविरुद्ध कोणतेही न्यायालय नाही. परंतु 'हे चांगले आहे' आणि 'हे वाईट आहे' अशी वाक्येही आपण रोज उच्चारतो, त्यांवर बक्षिसे देतो, माणसे निवडतो आणि नाकारतो. ही वाक्ये आवडीच्या वाक्याहून वेगळी आहेत, आणि त्यांची जबाबदारीही वेगळी आहे.

प्रथम बीअर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपण मटकीला मोड आणतो, तसे सातूला मोड आणायचे. मोड पुरते वाढण्याआधीच ते दाणे वाळवून भाजायचे. यालाच माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून कोमट-गरम पाण्यात ठेवले की दाण्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड काढा हॉप नावाच्या एका वेलीच्या फुलांबरोबर उकळायचा. हॉपमुळे कडवटपणा आणि सुगंध येतो. शिवाय त्यातील द्रव्ये काही जिवाणूंची वाढ रोखतात. मग काढा थंड करून त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणि कर्बवायू तयार करते, आणि जाता जाता सुवासाची शेकडो द्रव्ये मागे ठेवते. बव्हेरियाच्या ड्यूकने १५१६ साली जो प्रसिद्ध नियम केला, त्यात सातू, हॉप आणि पाणी या तीनच वस्तूंची नावे आहेत. ज्याच्यावाचून बीअर होतच नाही, त्या यीस्टचे नाव त्यात नाही, कारण असा काही सूक्ष्म जीव असतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन यांनी यीस्टची एकाच पेशीपासून वाढवलेली शुद्ध जात वापरात आणली, ती १८८३ साली.

जिन्नस चारच, पण त्यांतून निघणारे प्रकार पाहा. सातू हलके वाळवले तर बीअर गवताच्या सोनेरी रंगाची होते. खरपूस भाजले तर कॉफीसारखी काळी. यीस्ट उबेत काम करणारे असेल, तर फळांसारखे वास येतात आणि त्या कुळाला एल म्हणतात. थंडीत सावकाश काम करणारे असेल, तर चव स्वच्छ, नितळ राहते आणि त्या कुळाला लागर म्हणतात. जर्मन भाषेत या शब्दाच्या मुळाशी साठवणीचा अर्थ आहे. पाण्याचाही हात असतो. इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली कडवट एल ठसठशीत होते. बोहेमियातील पिल्सेनचे पाणी अगदी मृदू, म्हणून तिथली लागर मऊ लागते.

या पिल्सेन गावाची हकिकत सांगण्यासारखी आहे. १८३८ साली तेथील नागरिकांना आपल्या गावची बीअर इतकी निकृष्ट वाटली, की नगरभवनासमोर छत्तीस पिंपे बीअर त्यांनी रस्त्यावर ओतून दिली. नुसते ओतून थांबले नाहीत. वर्गणी काढून नवा कारखाना उभारला, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कसबी माणूस आणला, आणि १८४२ च्या ऑक्टोबरात त्याने सोनेरी रंगाची जी लागर तयार केली, ती पुढे जगभर पिल्सनर या नावाने गेली. आज जगात सर्वांत अधिक खपणारी फिकट बीअर तिचीच दूरची नातवंडे आहेत. नुसता राग धरून बसलेल्या गावात पिल्सनर जन्माला आली नसती. जे वाईट आहे ते वाईट म्हणायचे आणि चांगले काय असावे याचा विचार करायचा, ही दोन्ही कामे त्या नागरिकांनी केली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, आपल्यापुढे चार पेले ठेवले आहेत. पहिल्यात जर्मनीतील गव्हाची बीअर: गढूळ, भरघोस फेसाची, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. दुसऱ्यात पिल्सनर: पारदर्शक, कडवट, कोरडी. तिसऱ्यात आयर्लंडची काळी स्टाउट: भाजलेल्या दाण्याची, कॉफीच्या अंगाची. चौथ्यात ब्रुसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यातील लँबिक: तिच्यात यीस्ट कोणी घालीत नाही, रात्रभर उघड्या टाकीत हवेतून जे येईल ते येते, मग ती लाकडी पिंपांत वर्ष वर्ष, कधी तीन वर्षेही राहते आणि चांगलीच आंबट होते. या चौघींत उत्तम कोणती?

हा प्रश्नच चुकीचा आहे. गव्हाच्या बीअरमधला केळ्याचा वास पिल्सनरमध्ये आला, तर पिल्सनर बिघडली असे समजावे. लँबिकचा आंबटपणा स्टाउटमध्ये आला, तर ते पिंप फेकून द्यावे. एकीचा अलंकार तो दुसरीचा रोग. आपल्याला हे परके वाटू नये. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य; मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. मालकंस गाताना गवयाने पंचम लावला, तर मागच्या रांगेतला श्रोताही मान वर करून पाहील. पण म्हणून पंचम हा काही वाईट स्वर नव्हे. भुपात त्याच्यावाचून चालत नाही. आणि मालकंस ऐकून "यात पंचम नाही, म्हणून कमी गुण" असे म्हणणाऱ्या परीक्षकाला आपण काय म्हणू?

तेव्हा पारखीचा पहिला नियम हा की, समोरची वस्तू काय होऊ पाहते आहे, हे आधी समजून घ्यावे. बीअरच्या बाबतीत ही दृष्टी सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचवण्याचे श्रेय मायकेल जॅक्सन यांना दिले जाते. हे गाणारे नव्हेत. हे इंग्रज पत्रकार, १९४२ ते २००७ हा त्यांचा काळ. १९७७ साली त्यांनी जगातल्या बीअरचा एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, आणि त्यात देशोदेशींच्या बीअरची कुळे लावून दिली. आज स्पर्धांचे परीक्षक ज्या प्रकार-पत्रिका हाताशी ठेवतात, त्यांत शंभराहून अधिक प्रकारांची लक्षणे दिलेली असतात. त्यांतल्या एका नावाशी आपलाही संबंध आहे. इंडिया पेल एल ही आपल्याकडची बीअर नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून केपला वळसा घालून, महिनोन् महिने प्रवास करून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी येणारी ती फिकट, भरपूर हॉप घातलेली बीअर. ती हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधून काढली, असे सांगण्याची पद्धत आहे. पण भरपूर हॉपची फिकट बीअर इंग्लंडात त्याआधीही होत होती. ती प्रवासाला टिकली, इतकेच. नाव मात्र आपल्या देशाचे चिकटले, आणि आज पुण्या-मुंबईतल्या लहान बीअरघरांतही त्याच नावाचा पेला मिळतो.

दुसरा नियम इंद्रियांचा. चाखणे म्हणजे जिभेचे काम, असा आपला समज असतो. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा पाहिला असेल: गोड टोकाला, कडू मागे, आंबट बाजूंना. तो नकाशा चुकीचा आहे. १९०१ च्या एका जर्मन निबंधाचा भलताच अर्थ लावला गेल्याने तो पुस्तकांत शिरला. प्रत्यक्षात जिभेच्या सर्व चवदार भागांवर सर्व चवी कळतात, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला फार मोठा भाग नाकाचा असतो. सर्दी झाली की आमटी बेचव का होते, हे आपणांस ठाऊकच आहे. म्हणून पारखणारा आधी पेला नाकाशी नेतो, दोन-तीन लहान हुंगे घेतो आणि थांबतो. कारण नाक फार लवकर सरावते. मग तो रंग, फेस, नितळपणा पाहतो. मग घोट. द्राक्षाच्या वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बीअरचे परीक्षक थोडा गिळतात, कारण कडवटपणा शेवटी कसा मावळतो हे त्यांना पाहायचे असते. हलकी बीअर आधी, जड नंतर. मध्ये साधे पाणी आणि पावाचा तुकडा. फार गार बीअर चाखू नये, कारण गारठ्यात वास झोपतात आणि दोष लपतात. आपल्याकडे बीअर बर्फासारखी गार मागण्याची पद्धत आहे. तिचे कारण आपला उन्हाळा हे आहेच. पण कित्येकदा त्या गारठ्याचा फायदा पिणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला अधिक होतो.

तिसरा नियम शब्दांचा. नवशिक्याला विचारले, "कशी आहे?" तर तो म्हणतो, "बरी आहे," किंवा "कशीतरीच आहे." यावर कारखान्यात काहीही करता येत नाही. 'कशीतरीच' या दोषावर औषध नाही. १९७९ साली मॉर्टन मेलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीअरच्या वासा-चवींचे एक चक्र प्रसिद्ध केले. चौदा मुख्य वर्ग, त्यांचे पोटवर्ग, आणि प्रत्येक नावामागे शक्य तिथे एक ठरावीक द्रव्य, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे कोपनहेगनचा माणूस आणि टोकियोचा माणूस एकाच वासाला एकच नाव देऊ लागले. लोण्यासारखा वास आला, तर यीस्टला काम पुरे करायला वेळ मिळाला नाही. शिजलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला, तर काढा नीट उकळला नाही किंवा लवकर थंड केला नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बाटलीत हवा शिरली आणि बीअर म्हातारी झाली. बाटलीला ऊन लागले तर हॉपमधील द्रव्यांची मोडतोड होऊन एक घाणेरडा वास सुटतो; बाटल्या तपकिरी काचेच्या असतात त्या याचसाठी. वासाला नेमके नाव मिळाले, की दोषाचे घर सापडते.

आणि मंडळी, या कामासाठी आपली भाषा दरिद्री नाही. मी नव्या मुलांना इंग्रजी शब्दांची यादी देण्यापूर्वी मराठी शब्द लिहायला सांगत असे. खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, आंबूस, शिळवट, उग्र, पाणचट, मिळमिळीत, तुरट, मचूळ. आमच्या आजीने तेलाच्या बुधल्याचे झाकण काढून नुसत्या वासावर "खवट झालंय" म्हणावे आणि त्या निर्णयावर अपील नसावे. तिने प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण खवट आणि कुबट यांतला भेद तिने आयुष्यात कधी चुकवला नाही. तिच्याजवळ शब्द होते, आणि शब्द होते म्हणून भेद होते.

चौथा नियम मोजमापाचा. अमेरिकेत बीअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारा एक उपक्रम १९८५ पासून चालतो. त्याच्या गुणपत्रिकेवर एकूण पन्नास गुण असतात: वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातल्या स्पर्शाला पाच, आणि एकंदर परिणामाला दहा. पाहा, रूपाला पन्नासांत तीनच. सोनेरी रंग आणि पांढरा फेस पाहून भुलायचे नाही, हे त्या आकड्यातच सांगितले आहे. आणि 'एकंदर परिणाम', म्हणजे आपली आवड जिथे बसेल ती जागा, दहांची. आवडीला हाकलून दिलेले नाही. तिला तिची खुर्ची दिली आहे आणि दुसऱ्याच्या खुर्चीवर बसू नकोस असे सांगितले आहे. परीक्षक प्रत्येक रकान्यात आकड्याशेजारी कारणही लिहितो. कारण न लिहिता दिलेला गुण हा गुण नव्हे, तो लहर होय.

हे सगळे नियम पाळले, तरी एक शत्रू शिल्लक राहतो, आणि तो आपल्याच डोक्यात असतो. १९६४ साली अ‍ॅलिसन आणि उल या दोन अमेरिकन संशोधकांनी तीनशेहून अधिक बीअर पिणाऱ्यांवर एक प्रयोग केला. प्रथम त्यांना नावे नसलेल्या बाटल्या दिल्या. प्रत्येकाचा एक लाडका छाप होता. पण चिठ्ठी काढून टाकल्यावर लाडका छाप कोणता हे एकंदरीत कोणाला ओळखता आले नाही, आणि सर्व बाटल्यांना जवळजवळ सारखेच गुण पडले. मग त्याच बीअर चिठ्ठ्यांसह दिल्या. लगेच गुण वाढले, आणि ज्याने त्याने आपापल्या छापाला झुकते माप दिले. २००६ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग याहून मजेदार आहे. बीअरमध्ये काही थेंब व्हिनेगर घातले. ज्यांना हे सांगितले नाही, त्यांतल्या बहुतेकांना ती आवडली. चाखण्याआधी सांगितले, त्यांनी तोंडे वाकडी केली. आणि चाखून झाल्यावर सांगितले, त्यांची पसंती न सांगितलेल्यांसारखीच टिकली. म्हणजे आधी कळलेली गोष्ट नुसत्या मतात मिसळत नाही. ती चवीतच मिसळते. खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. त्यांना खरोखर तसेच लागले होते.

म्हणून पाचवा नियम: नाव झाका. यासाठी १९४० च्या दशकात कार्ल्सबर्गमध्येच एक सोपी युक्ती बसवली गेली, तिला त्रिकोण-परीक्षा म्हणतात. तीन पेले द्यायचे. दोन एकाच बीअरचे, एक वेगळ्या बीअरचा. वेगळा कोणता ते सांगा. अंदाजाने सांगणाऱ्याचेही तीनांत एकदा बरोबर येणारच. बारा जणांनी चाखले आणि चौघांचे बरोबर आले, तर ते निव्वळ नशीब होय. आठांचे आले, तर फरक खरा आहे असे मानायला आधार मिळतो. नशिबाचा वाटा किती आणि जाणण्याचा किती, हे वेगळे करण्याचे शास्त्र वाढवण्यात बीअरचाही हात आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात १८९९ साली विल्यम गॉसेट नावाचा तरुण नोकरीस लागला. सातू आणि हॉप यांचे मोजकेच नमुने हाताशी असताना त्यांवरून कितपत खात्रीने बोलावे, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. १९०८ साली त्याने त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. कारखान्याच्या शिस्तीमुळे स्वतःचे नाव घालता येत नव्हते, म्हणून लेखकाच्या जागी 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, असे लिहिले. आज शेतीपासून औषधांपर्यंत जिथे जिथे थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचा असतो, तिथे त्या विद्यार्थ्याची परीक्षा वापरतात.

आता, आपल्या अनुमतीने, या नियमांचे मोल मला कसे कळले ते सांगतो. ही माझ्या फजितीची कथा आहे. किंबहुना फजितीहून जड शब्द वापरावयास हवा.

आमच्या कारखान्यात चाखणारे पाच जण होतो. काही बाटल्या पंधरवडाभर गरम खोलीत ठेवून मग चाखण्याची पद्धत असते; म्हणजे पुढे दुकानात महिनोन् महिने पडून तिचे काय होईल, याचा अंदाज आधीच येतो. एके दिवशी अशाच बाटल्या आल्या. मी हुंगले, आणि कागदावर लिहिले: 'ओला पुठ्ठा'. इतक्यात आमच्यातले सर्वांत वडील गृहस्थ, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते घोट घेऊन मोठ्याने म्हणाले, "वा, स्वच्छ आहे." मी पुन्हा हुंगले. आणि श्रोतेहो, मला आता पुठ्ठ्याचा वास येईना. मी माझे दोन शब्द खोडले आणि 'स्वच्छ' असे लिहिले. पलीकडे एक नवा मुलगा होता, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेले. तो चाचरत म्हणाला, "सर, मला कागदासारखा वास येतोय." मी त्याला म्हटले, "तुझं नाक आज ठिकाणावर नाही." तो गप्प बसला आणि त्यानेही खोडले.

दोन महिन्यांनी माल परत आला. भरणीच्या यंत्राची एक झडप झिजली होती आणि बाटल्यांत हवा शिरत होती. परंतु झडप सापडायच्या आधी दोष यंत्रावर काम करणाऱ्या माणसावर आला. त्याचा पगार कापला गेला आणि चार लोकांत त्याला बोलणी खावी लागली. आम्ही त्या दिवशी जे हुंगले तेच लिहिले असते, तर झडप त्याच आठवड्यात बदलली गेली असती. झडप सापडल्यावर मी त्या माणसाकडे गेलो आणि खोडलेला कागद त्याला दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्हाला कळलं होतं तर." या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

माझे गुरू खोटे बोलले नव्हते. वय झाले की नाक मंदावते, त्यांचेही मंदावले होते. मीही जाणूनबुजून खोटे लिहिले असे मला वाटत नाही. व्हिनेगर मिसळल्याचे आधी कळलेल्या माणसांसारखे माझे झाले; माझ्या पेल्यात आदराचे थेंब पडले. त्यानंतर मी वरिष्ठांकडे आग्रह धरून तीन गोष्टी पाडून घेतल्या. प्रत्येकाने वेगळ्या आडोशाला बसून चाखायचे. सर्वांचे कागद गोळा होईपर्यंत कोणी चकार शब्द बोलायचा नाही. आणि बोलायची वेळ आली, की सर्वांत धाकट्याने प्रथम बोलायचे. शेवटच्या नियमाला विरोध झाला, "हा कुठला शिष्टाचार?" असे विचारले गेले. परंतु वडीलधाऱ्यांचा मान राखायचा, तर त्यांच्या चुका वेळीच त्यांच्या कानावर घालण्याची सोय ठेवणे, हाच खरा मान आहे.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. ही सारी पद्धत अंगी बाणली, म्हणजे पारख आली असे नाही. हल्ली जगभरचे शौकीन बीअरला गुण देऊन ते प्रसिद्ध करतात. त्या याद्या पाहिल्या तर वरच्या जागा बहुधा जड, तीव्र आणि दुर्मिळ बीअरनी अडवलेल्या दिसतात. साधी, हलकी, निर्दोष लागर तळाशी असते. वस्तुतः कसबी माणसाला विचारा: हलकी लागर करणे फार अवघड, कारण तिच्यात दोष लपवायला जागाच नसते. साधा वरणभात उत्तम करणाऱ्या सुगरणीपेक्षा पंचपक्वान्नांची वाहवा अधिक होते, तसेच हे आहे. मोठा आवाज म्हणजे मोठे गाणे नव्हे, हे परीक्षकाने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावावे लागते.

आणि शेवटी, बीअरला ज्यांनी जन्मात स्पर्श केला नाही आणि करणार नाहीत, त्यांनी येथून काय न्यावे? फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाची गोष्ट न्यावी. त्यांच्या ओळखीच्या एक बाई म्हणत की, कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे मला चवीवरून कळते. फिशरनी त्यांना हसून उडवून लावले नाही, किंवा त्यांच्या शब्दावर विश्वासही ठेवला नाही. आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरांत एक. १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा प्रयोग मांडला, आणि प्रयोगांची आखणी कशी करावी हे जगाला शिकवले.

आज घरी गेल्यावर तीन वाट्या ताक घ्या. दोन घरचे, एक विकतचे. घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून चाखायला द्या. प्रत्येकाने आपले उत्तर कागदावर लिहावे, वेगळे काय वाटले त्याला एक नेमका मराठी शब्द द्यावा, आणि मग घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रथम वाचून दाखवावे. "घरच्या ताकाची सर कशालाच नाही," असे आजवर ठामपणे सांगणाऱ्यांचे त्यात काय होते ते पाहा. मी आमच्या घरी हा प्रयोग केला आहे, आणि माझे स्वतःचे उत्तर चुकले होते.

आपण सारे कुठे ना कुठे परीक्षक असतो. कोणी शाळेत उत्तरपत्रिका तपासतो, कोणी एकांकिका स्पर्धेत गुण देतो, कोणी नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेतो, कोणी मुलासाठी स्थळ पाहून येतो. तिथेही समोरचे माणूस काय होऊ पाहते आहे ते आधी पाहावे. नाव, घराणे, गाव यांच्या चिठ्ठ्या शक्य तेवढ्या झाकाव्यात. आपल्या आवडीला तिच्या खुर्चीवरच बसवावे. कारण लिहावे. आणि एकदा प्रामाणिकपणे लिहिलेला शब्द, समोर कोणी कितीही मोठा माणूस मान डोलावत असला, तरी खोडू नये. कारण तो शब्द खोडला, की भरणीच्या यंत्राशी उभ्या असलेल्या कोणाला तरी त्याचा दंड भरावा लागतो.